आधी कुणी उघडलं होतं का?

३ तारीख, मंगळवार

घर रिकामं. मुलगा, सूनबाई आणि भिंगरी काल दहा दिवसांसाठी सूनबाईच्या माहेरी गेले. भिंगरी म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलंय. मलाही चला म्हणाले होते. मी गुडघ्याचं कारण पुढे केलं. खरं कारण असं की गेल्या महिन्याच्या भांडणानंतर परक्या घरी दहा दिवस तोंड गोड करून बसणं मला जमलं नसतं.

भांडण खिडकीवरून झालं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर माझं कामाचं टेबल घरात खिडकीपाशी आलं होतं. पुढे हात थरथरायला लागले, घड्याळं येईनाशी झाली, आणि एक दिवस मी फिरून येतो तर टेबल माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं, आणि खिडकीत सूनबाईचा कॉम्प्युटर. ती त्यावर मुलांच्या एका पुस्तकासाठी किड्यांची चित्रं काढते. मुंगी, झुरळ, भुंगा, गोम. वर्ष झालं, आमच्या खिडकीत किडेच किडे. गेल्या महिन्यात न राहवून मी म्हटलं, हे खोकं एक दिवस मी उचलून बाहेर ठेवीन. त्यावर चिरंजीवांचा आवाज चढला, मग माझाही चढला, आणि मी म्हणून गेलो की आता पुन्हा काही झालं तर मी घर सोडून जाईन. सगळे जेवत होते. भिंगरीचा घास तोंडातच राहिला.

जायच्या आदल्या दिवशी सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचं भिंग लावून जरा या गोमेचे पाय मोजता का? माझी नजरच ठरत नाहीये." मी म्हटलं, "गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही. चालू दे." तिने पुन्हा विचारलं नाही.

तेव्हा आज मनात आलं की काहीतरी चांगलं करावं. कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि आतून साफ केली. चार स्क्रू. आत एवढी धूळ की उशीत भरावी. मऊ ब्रशने सगळी काढली, पंख्याची पाती एकेक पुसली, लोंबणाऱ्या वायरी दोऱ्याने बांधल्या. मधल्या हिरव्या पट्टीवर एक बटणाएवढा सेल दिसला, अगदी आपल्या घड्याळातल्यासारखा. जुना मित्र अनोळखी गावात भेटावा तसं झालं. आमच्या धंद्यात नियम आहे, वस्तू बंद ठेवायची असेल तर सेल काढून ठेवायचा. नाहीतर तो गळतो आणि आतलं सगळं खातो. पेटी बंदच राहणार होती. काढला, मापला, कागदाच्या छोट्या पाकिटात घातला आणि नेहमीसारखं वर लिहिलं. पाकीट माझ्या खणात ठेवलं.

हात आज फार कमी थरथरले.

८ तारीख, रविवार

विशेष काही नाही. खिडकीपाशी खुर्ची टाकून दुपारभर बसलो. ऊन तिथे साडेचारपर्यंत असतं. विसरलो होतो.

१३ तारीख, शुक्रवार

दुपारी सगळे आले. भिंगरीने दारातूनच बातम्या द्यायला सुरुवात केली. सूनबाईने बॅगासुद्धा उघडल्या नाहीत, थेट खिडकीत जाऊन बसली. चाळीस चित्रं झाली आहेत, आठ राहिली आहेत, आणि पुस्तक काढणाऱ्या बाईंना सगळी पंचवीस तारखेला हवी आहेत.

पेटी सुरू झाली, पंखा फिरला, पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच थांबली. तिने बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा तेच. चार-पाच वेळा तेच.

सेल बसवायचा राहिला आहे हे मला चहाचं आधण ठेवताना आठवलं. पण पेटी भिंतीतल्या विजेवर चालते. बटणाएवढ्या सेलाने एवढ्या मोठ्या यंत्राचं काय अडणार?

१४ तारीख, शनिवार

चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या मते जगातलं कुठलंही यंत्र बंद करून चालू केलं की वठणीवर येतं. सकाळी तो प्रयोग दहा वेळा झाला. मग वायर काढून दुसऱ्या भोकात, मग शेजारच्या खोलीतल्या भोकात. पडदा बदलून पाहिला. की-बोर्ड उलटा करून झटकला, त्यातून पोळीचे, बिस्किटाचे आणि न ओळखता येणारे तुकडे पडले. मग फोनवर तीन मित्रांचे तीन सल्ले. जितके वैद्य तितकी औषधं.

सूनबाई पडद्यावरची अक्षरं वहीत जशीच्या तशी उतरवून घेत होती.

"चित्रांची प्रत कुठे ठेवली होतीस का?" मुलाने विचारलं.

"पहिली बारा बाईंना पाठवली होती. बाकीच्यांची ठेवायची राहिली."

"राहिली म्हणजे?"

"राहिली म्हणजे राहिली."

सगळे अक्षरं वाचत होते. मी सवयीने घड्याळ बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती. तारीख पहिली, महिना पहिला, साल कितीतरी मागचं, भिंगरीच्या जन्माच्याही आधीचं. वेळ बारा वाजून चार मिनिटं.

बारावर थांबून पुन्हा चालू झालेलं घड्याळ मी हजारदा पाहिलं आहे. सेल गेलेलं घड्याळ असंच असतं. म्हणजे तो सेल पेटीची आठवण राखत होता आणि मी ती काढून खणात ठेवली.

मी खुर्चीची पाठ धरली. सूनबाई म्हणाली, "बाबा, गुडघा दुखतोय का? बसा ना."

१५ तारीख, रविवार

दिवसभर सगळे घरात. चार वेळा सांगायला गेलो, चार वेळा पाणी पिऊन परत आलो.

सांगणार काय? ज्या माणसाने महिन्यापूर्वी खोकं बाहेर फेकण्याची भाषा केली, त्याने सगळे गेल्यावर एकट्याने ते उघडलं आणि आता म्हणतोय की साफ करत होतो. मी चिरंजीव असतो तर माझाही विश्वास बसला नसता.

उद्या कुणी नसेल तेव्हा सेल परत बसवतो. चालू झालं की सुंठीवाचून खोकला गेला.

१६ तारीख, सोमवार

सूनबाई मुदत मागायला बाईंकडे गेली, मुलगा कामावर, भिंगरी शाळेत. पाकिटातून सेल काढला, जागेवर बसवला, चार स्क्रू लावले. पेटी सुरू केली. तीच अक्षरं. खाली लिहिलं होतं की अमुक कळ दाबून वेळ लावा. चुकीचं घड्याळ मला कधी बघवलेलं नाही. माझ्या मनगटावरचं बघून तारीख लावली, वेळ लावली, सेकंदसुद्धा जुळवला. बंद करून पुन्हा चालू केलं. घड्याळ बिनचूक. बाकी काही नाही, तीच काळी पाटी.

सेल परत आला, आठवण परत आली नाही.

सूनबाई संध्याकाळी आली. बाईंनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. त्यानंतर काम दुसऱ्याला. "त्यांचंही बरोबर आहे," ती म्हणाली. भिंगरी माझ्या खणात खुडबुड करत होती. तिला मुंगीची सोंड बघायला भिंग हवं होतं. मुंगीला सोंड नसते म्हटलं, तर म्हणे बघितल्याशिवाय कसं कळणार.

१७ तारीख, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

रिकामं पाकीट फाडून टाकावं म्हणून सकाळी खण पाहिला. पाकीट नव्हतं. दुसरा खण पाहिला, टेबलाखाली पाहिलं. वाऱ्याने उडालं असावं.

जेवताना मुलाने विचारलं, "जायच्या आधी शेवटचा हात कुणी लावला होता पेटीला?" तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "मी. मी गेम खेळले आणि बंद न करता मोठं बटण दाबून टाकलं. मी बिघडवला."

कुणी तिला विचारलंही नव्हतं. मुलाने ताट सारलं. म्हणाला, "दहादा सांगितलंय तुला." पोहायला जाणं महिनाभर बंद. पुढच्या शनिवारी तिची शर्यत आहे, तीही बंद. ती रडली नाही. ताटात बघत भात कालवत राहिली.

आणि मला काय वाटलं ते लिहितो. मला हायसं वाटलं. पहिल्यांदा हेच वाटलं, की चला, कदाचित हिच्यामुळेच झालं असेल, सेलाचा संबंधच नसेल. एकाहत्तर वर्षांचा माणूस नऊ वर्षांच्या पोरीच्या आड लपला आणि पोटभर जेवला. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं.

पण पोर उगाच कबूल कशाला झाली असेल? मोठं बटण तर ती कधीच दाबत नाही, तिला त्याची भीती वाटते.

१८ तारीख, बुधवार

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. तरुण आहे पण हात शांत आहे. अवजारं ठेवण्याआधी त्याने रुमाल अंथरला, ते मला आवडलं. मुलगा कामावर गेलेला. पेटीच्या मागे वाकून तो म्हणाला, "आधी कुणी उघडलं होतं का?"

चाळीस वर्षं हा प्रश्न मी रोज विचारला. काउंटरपलीकडचा प्रत्येक माणूस म्हणायचा, छे, कुणी हात लावला नाही. स्क्रूवर सुरीचे ओरखडे, काचेवर आतून बोटाचे ठसे, आणि तरी कुणी हात लावला नाही. संध्याकाळी बायकोला नकला करून दाखवायचो. ती हसून लोटपोट व्हायची.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली. आतला लखलखाट बघितला, वायरींना बांधलेले दोरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी त्या गिऱ्हाइकांकडे बघायचो तसंच. त्याने सेल मापला, चांगला निघाला. घड्याळ पाहिलं, बरोबर. "मग हा भाग ठीक आहे," म्हणत त्याने तो विषय मिटवला. आत दोन डिस्क आहेत, माहिती साठवतात त्या. एकेक काढून स्वतःच्या यंत्राला जोडून पाहिली. दोन्हींतलं काही वाचता येईना.

"डिस्कवरचं बिघडलेलं दिसतंय. पुसून सगळं नव्याने भरावं लागेल. यंत्र चालेल, पण आतलं राहणार नाही."

"चित्रं?" सूनबाई म्हणाली.

"ती गेली असं समजा."

तो आजच पुसणार होता. सूनबाई म्हणाली, "शनिवारी या. तोवर राहू दे." कशासाठी राहू दे ते मला कळलं नाही. आशा सुटत नसेल.

माझा शहाणपणा बघा. सेल बाहेर असता आणि घड्याळ बंद असतं, तर त्याला एक तरी खूण सापडली असती. ती मी सेकंद जुळवून पुसली.

१९ तारीख, गुरुवार

सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन तेराव्या चित्रापासून पुन्हा काढायला बसली आहे. महिनाअखेरीला अकरा दिवस आणि छत्तीस किडे. पहाटे उठते, डोळे लाल. आज मी पाणी प्यायला गेलो तर मान वर न करता म्हणाली, "पेटी आतून किती स्वच्छ होती, नाही बाबा? मी तर घेतल्यापासून एकदाही पुसली नाही."

"धूळ आपोआप उडते कधीकधी," मी म्हटलं.

ती म्हणाली, "हो?" आणि भुंग्याचा पंख खोडून पुन्हा काढू लागली. कामाच्या नादात असते, तिच्या लक्षात येत नाही.

भिंगरी पोहायला न जाता माझ्या खोलीत बसून असते. आज तिने विचारलं, "आजोबा, तू कुठे जाणार नाहीस ना?" म्हटलं, या गुडघ्यांनी कुठे जाणार. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

२१ तारीख, शनिवार

सांगितलं.

दुरुस्तीवाला अकराला आला. मुलगाही घरी होता. रुमाल अंथरला, पेटी उघडली. म्हणाला, "पुसायला घेतो. एकदा पुसलं की परत येणार नाही. चालेल ना?"

"चालेल," सूनबाई म्हणाली. पण ते म्हणताना ती पेटीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. भिंगरी दारात हात मागे घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "थांबा. पेटी मी उघडली होती."

दुरुस्तीवाला पेटीपासून उठून माझ्यासमोर येऊन बसला. "काय काय केलंत ते क्रमाने सांगा."

कुठल्याही गिऱ्हाइकाने मला सांगितलं नाही इतकं नीट मी सांगितलं. धूळ, पंखा, दोरे, सेल. सेल परत बसवला ते. घड्याळ लावलं ते.

"सेल किती दिवस बाहेर होता?"

"तेरा."

तो कपाळाला हात लावून हसायलाच लागला. "अहो काका, मग डिस्क बिघडलेल्याच नाहीत. हे यंत्र कुठल्यातरी ऑफिसातलं जुनं घेतलेलं ना? यात दोन डिस्क जोडून एक केलीय. अर्धं चित्र हिच्यावर, अर्धं तिच्यावर. म्हणून एकेकटी वाचता येत नव्हती. जोडी लावायची आहे ही आठवण सेलवर होती, ती गेली. बंद पडलेल्या यंत्राचं घड्याळ सेकंदाला बरोबर होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

त्याने एका यादीत एक ओळ बदलली. दोन मिनिटंही लागली नाहीत. पडदा उजळला. मुंगी, झुरळ, भुंगा, सगळे आपापल्या जागी.

सूनबाईने आधी सगळ्या चित्रांच्या दोन प्रती केल्या. मग तोंड ओंजळीत धरून बसली. मुलगा माझ्याकडे वळला, "बाबा, त्या पोरीला पाच दिवस..." एवढंच म्हणाला आणि भिंगरीपाशी जाऊन खाली बसला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. जाताना दुरुस्तीवाला मला म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. आणखी अर्ध्या तासाने सांगून उपयोग नव्हता."

२२ तारीख, रविवार

सकाळी भिंगरी खोलीत आली, दार लोटलं आणि कंपासपेटीच्या तळातून चौकोनी घडी काढून माझ्या हातात दिली. माझं पाकीट. माझ्याच अक्षरात: सूनबाईचं यंत्र. तारीख ३. सेल चांगला. परत बसवणे.

"भिंग शोधताना मिळालं," ती म्हणाली. "बाबांना सापडलं असतं तर ते ओरडले असते, आणि मग तू घर सोडून गेला असतास. तू म्हणाला होतास तसं."

मी तिला जवळ घेतलं. ती पुढे म्हणाली, "आजोबा, घड्याळातला सेल कधी काढायचा असतो?"

"सहा-आठ महिने बंद ठेवायचं असेल तर."

"पण आई तर दहाच दिवस नव्हती."

ती नुसतंच विचारत होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण पाकिटावर लिहिलं होतं, सेल चांगला. चांगला सेल दहा दिवसांसाठी कुणी काढत नाही. शिकाऊ माणूससुद्धा काढत नाही. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, आणि तीन तारखेलाही माहीत होतं. पेटी बिघडावी असं मनात नव्हतं, हे खरं. पण तिची कुठलीतरी एक वस्तू माझ्या खणात असावी, माझ्या हातून परत मिळावी, असं काहीतरी होतं. ते मी काल सांगितलं नाही.

पाकीट घेऊन खिडकीपाशी गेलो. सूनबाई काम करत होती. तिच्या समोर ठेवलं आणि जे इथे वहीत वर लिहिलं आहे ते सगळं बोललो.

तिने पाकिटावरचं वाचलं. काही नाही, असू दे, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "तुम्ही पेटी उघडलीत हे मला त्या दोऱ्यांवरून बुधवारीच कळलं होतं, बाबा. वाटलं, साफ करताना काही तुटलं असेल, तुम्ही सांगाल. हे मात्र माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं."

"वाटणारच."

"भिंगरीच्या वेळीही तुम्ही गप्प बसलात, त्याचं जास्त वाटलं."

मी मान हलवली. ती जरा सरकली, बाजूचं स्टूल पायाने ओढलं आणि म्हणाली, "बसा. भिंग आहे ना खिशात? गोमेचे पाय अजून मोजायचे राहिलेत."

खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं. तिने हाताने आडोसा केला. मी भिंग डोळ्याला लावलं आणि सावकाश, एकेक पाय बोटाने दाखवत मोजलं. डाव्या बाजूला एकवीस. उजव्या बाजूला वीस.

लगेच सांगितलं.